तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

जवाहरनगर
१२ सप्टेंबर २०२४

मामाजी, नमस्कार.

मराठी चुकली तर समजून घ्या. शाळेत सगळं इंग्लिशमध्ये होतं आणि मराठी आम्हाला उरलेल्या पिरियडला शिकवली. फोन केला असता, पण खाणीतल्या ड्रिलनं तुमचे कान नेले. मामीच्या तोंडून इंजिनचं सांगायचं म्हणजे मामी मधातच विचारते, जेवली का. म्हणून पत्र.

बातमी अशी की मी बोट घेतली. खरी. अठरा फूट, फायबरची, समोर छोटीशी केबिन, आत दोन माणसं झोपू शकतात. नागपूरकडे एका तलावावर बोटिंगवाल्याचा ठेका संपला, तेव्हापासून सहा वर्षं झुडपात पडून होती. पप्पांनी स्कूटीसाठी पैसे दिले होते, त्यात आली. ट्रकवरून क्वार्टरच्या मागे उतरवली तेव्हा शेजारच्या शकुनबाई काकू म्हणे, "पाण्याची टाकी घेतली का वं? आडवी काहून ठेवली?" पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आंघोळीचा टॉवेल बोटीच्या रेलिंगवर वाळत टाकला. म्हणजे मान्य.

आतलं इंजिन मेलेलं आहे. पिस्टन जाम, एका सिलिंडरात मुंग्यांचं वारूळ. मला दुसरं इंजिन पाहिजे. खाणीच्या लिलावात तुम्ही घेतलेलं पंपाचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन अंगणात पोत्याखाली झाकून आहे ना? ते मला द्याल का?

पप्पा जानेवारीत रिटायर होतात. फेब्रुवारी संपायच्या आत क्वार्टर सोडायचं आहे. भंडाऱ्याला जे दोन खोल्यांचं घर पाहिलं त्याच्या दारात सायकल उभी राहत नाही. तोवर बोट पवनीला, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेली तर माझी. नाहीतर पप्पा भंगारवाल्याला बोलावतील, तसं त्यांनी सांगूनच ठेवलं आहे.

तुमची
उर्वशी


चिखला
२० सप्टेंबर

उर्वशी पोरी,

मामा पाया पडते. आपल्यात मामानं भाचीच्या पाया पडाव लागते, तर कागदावरही पयले तेच.

पत्र मामीले वाचून दाखवलं. ते म्हणते, पोरगी पाण्यात पडंल. मी म्हटलं, मी सव्वीस वर्ष जमिनीच्या पोटात गेलो आन आलो, तवा तू असंच म्हणे.

इंजिन तुह्यं. पोतं काढून ठेवलं. पण एक गोष्ट शिकून घे. कान गेले तवापासून मी इंजिन दातानं आयकतो. सळईचं एक टोक इंजिनवर टेकवायचं, दुसरं दातात धरायचं. कानानं आयकते त्याले आवाज येते, दातानं आयकते त्याले कोणतं सिलिंडर रडते ते समजते. माही जुनी सळई तुमसरच्या बसवरच्या विनोद ड्रायव्हरच्या हातानं पाठवतो. दात लावाच्या आधी धुऊन घेजो.

मी जमिनीखालचा माणूस, पाण्याचं मले समजत नाही. इंजिन कोठी बसवाचं, पाण्यातल्या पंख्याचा दांडा कसा जाते, सारा नाप काढून पाठव. नाप आल्याबिगर मले हात लावता येत नाही.

सुखराम


जवाहरनगर
५ ऑक्टोबर

मामाजी,

सळई मिळाली. आमच्या कुलरच्या मोटरवर लावून पाहिली. पूर्ण कवटी वाजते. मम्मी म्हणाली, ही आता दातानं कुलर खाऊन राहिली.

सोबत चार ड्रॉइंग आहेत. इंजिन बसवायचा पाट, पंख्याचा दांडा, सुकाणू आणि केबिन. तळाला दोन जागी फायबर फुटलं होतं, ते घासून नवीन थर दिला. कोपरापर्यंत खाज सुटली, पण पाणी भरून पाहिलं, थेंब गळला नाही.

प्लॅन सांगते. सकाळी तीन-तीन माणसं घेऊन जायचं, फक्त तीन. पवनीच्या घाटावरून निघायचं. मधात इंजिन बंद करायचं. हे कोणी करत नाही मामाजी, सगळे भर्र करून जातात आणि भर्र करून येतात. इंजिन बंद झालं की पक्षी उडत नाहीत, आपण नुसते वाहत राहतो आणि ते जवळ येतात.

आणि नाव ठरलं. मामीचं नाव. नदीचंच नाव आहे, बोटीला शोभते. समोर पांढऱ्या अक्षरात: चंद्रभागा. मामीला आत्ता सांगू नका.

तुमची
उर्वशी


चिखला
२२ ऑक्टोबर

उर्वशी पोरी,

पाया पडतो. ड्रॉइंग पाह्यले. हातात वळण आहे तुह्या. मनिषनंही पाह्यले. पोरगा घरी परत आला, बुटीबोरीच्या कंपनीनं ठेक्यावरचे सारे पोट्टे काढून टाकले. दिवसभर अंगणात बसून राह्यते. तुह्ये ड्रॉइंग पाहून जरा बोलला तरी.

दोन-तीन गोष्टी इचाराच्या होत्या. दहा-बारा माणसं बसले तर पंखा केवढा लागंल? बोट पत्र्याची असली तर इंजिनचा पाट असाच ठेवता येते का? धुराचा पाईप कोठून बाहेर काढाचा, तेही काढून पाठव.

मामी बरी आहे. भाऊबीजेले आईले घेऊन ये.

सुखराम


जवाहरनगर
९ नोव्हेंबर

मामाजी,

भाऊबीजेचा दिवस अजून डोक्यात आहे. मम्मीनं तुम्हाला ओवाळलं, तुम्ही उठून माझ्या पाया पडले, आणि मग आपण दोघं जे अंगणात गेलो ते मामीनं तीनदा जेवायला बोलावलं तरी उठलो नाही. पहिलं सिलिंडर गोड. दुसरं गोड. तिसऱ्यावर सळई लावली आणि दाढेत टक, मग थोडं थांबून टक-टक. तुम्ही बोटं वर करून विचारलं, किती? मी तीन दाखवली. तुम्ही माझ्या डोक्यावर जी टपली मारली, ती डिप्लोमाच्या सर्टिफिकेटपेक्षा मोठी होती.

मनिषदादानं माझ्या वहीतल्या पानांचे फोटो काढले. म्हणे, बाबाला मदत करतो. मला बरं वाटलं. तो पहिले माझ्याशी एवढा बोलतच नव्हता.

तुमचे प्रश्न. धुराचा पाईप काढला आहे, पाण्याच्या रेषेपासून चार इंच वर. पत्र्याच्या बोटीलाही पाट तसाच चालते, बोल्ट जाड पाहिजेत. पण पत्र्याचं काहून विचारलं? आणि दहा-बारा माणसं? माझ्या बोटीत बारा बसली तर ती पाणबुडी होईल मामाजी.

इंजिनचं हेड काढून ठोका पाहायला पंधरा दिवस लागतील, असं तुम्ही म्हणाले होते. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी ट्रॉली पाठवू ना?

तुमची
उर्वशी


चिखला
६ डिसेंबर

उर्वशी पोरी,

हेड नागपूरले पाठवलं आहे. लेथवाला आज देतो उद्या देतो करते. घाई कायले करतं? थंडीत फायबर चांगलं सुकते. रंगाचं काम करून घे.

पंख्याचा नाप बराबर समजला नाही. बारा माणसाचा एकडाव काढून पाठव, मले आपलं समजून घ्याचं आहे.

सुखराम


जवाहरनगर
२६ डिसेंबर

मामाजी,

बारा माणसांच्या पंख्याचा हिशोब पाठवते आहे. दोन रात्री लागल्या, माझ्या कामाचा नाही, पण तुम्ही मागितला.

तुमच्या मागच्या पत्रात पाया पडतो लिहिलं नव्हतं. विसरले असाल. मी गंमत म्हणून सांगितलं, राग मानू नका.

पप्पांनी सामान बांधायला काढलं. बोटीला दोन हात निळा रंग झाला, नाव लिहायचं राहिलं. ते इंजिन आल्यावर. नागपूरच्या लेथवाल्याचा पत्ता द्या, मी स्वतः जाऊन बसते त्याच्या दारात.

उत्तर लवकर पाठवा.

तुमची
उर्वशी


जवाहरनगर
१३ जानेवारी २०२५

मामाजी,

काल मी पवनीला गेली होती. बोट पाण्यात कुठून उतरवायची ते पाहायला. बॅगेत टेप होती आणि तुमची सळई, ती असतेच.

घाटावर एक पत्र्याची बोट बांधून होती. नवीन, निळी. वरून ताडपत्री, दोन्ही बाजूंनी बाकडी. समोर पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं, चंद्रभागा.

मी म्हटलं, असू शकते. नदीचं नाव आहे. मग पाट पाहिला. माझा पाट. सुकाणूचा दांडा मी जिथे वाकवला तिथेच वाकवलेला. चौथ्या बोल्टची जागा मी ड्रॉइंगमध्ये चुकून अर्धा इंच सरकवली होती, तीसुद्धा अर्धा इंच सरकलेली. बोटवाला चहा प्यायला गेला होता, इंजिन सोडून, चालू. मी आत चढली आणि सळई दातात धरली. पहिलं गोड. दुसरं गोड. तिसऱ्यात टक, थांबून टक-टक.

हेड नागपूरला होतं ना मामाजी?

मनिषदादा चहाचा ग्लास घेऊन आला. मला पाहून थांबला, मग हसला. "अरे, उर्वशी. कवा आली? चहा घेशील?"

मी विचारलं, "हे इंजिन कोणाचं?"

"बाबाचं."

"आणि ड्रॉइंग?"

"तूच तं पाठवले होते न बाबाले."

"कशासाठी पाठवले होते, ते विचार ना."

तर म्हणे, "तुह्यी शौकाची बोट वं. माह्यं पोट आहे याच्यावर. अड्याळच्या वेल्डरनं दीड महिन्यात उभी करून देली. डिसेंबरपासून फेऱ्या चालू आहेत. मस्त चालते. मधात इंजिन बंद करतो, लोकायले लय आवडते, पक्षी जवळ येतात."

हे वाक्य माझं आहे. ५ ऑक्टोबरच्या पत्रातलं.

म्हणजे दहा-बारा माणसं कोणाची, पत्रा कोणाचा, पाईप कोणासाठी, ते मला आता समजलं. तुम्ही विचारत गेले आणि मी काढत गेली. २६ डिसेंबरला मी बारा माणसांचा पंखा तुमच्यासाठी मोजून राहिली होती, तेव्हा तो पंखा पाण्यात फिरत होता. मग परत कायले मागितला? की मी गप्प बसावं म्हणून मला कामाला लावलं?

नावाबद्दल मी काही बोलत नाही. त्याच्याच आईचं आहे.

उर्वशी


चिखला
१९ जानेवारी

उर्वशी पोरी,

मामा पाया पडते. मागच्या पत्रात लिहिता आलं नाही. हात चालला नाही.

खोटं लिहिलं, ते मान्य आहे. पयले इंजिन तुह्यंच होतं, देवाशपथ. मनिष आला तवा तो जेवत नव्हता. मामी रडे. त्यानं तुह्ये ड्रॉइंग पाह्यले आन म्हणे, बाबा, हे मी करू शकतो. घरी आल्यापासून पयल्यांदा त्यानं 'करू शकतो' म्हटलं. बापानं काय कराव?

तुले सांगतलं असतं तं तू नाप पाठवले नसते. म्हणून नाही सांगतलं. पंखा पयला लहान पडला होता, म्हणून डबल मागतला. तुह्या हिशोबानं दुसरा बसवला, बराबर बसला.

तू इंग्रजी शाळेत शिकली. बाप सरकारी कारखान्यात. तुले आज ना उद्या नोकरी लागंल, बोट नाही तं दुसरं काही. त्याले काय आहे? हे मी माह्या मनाले सांगत होतो. तुले पटावं असं नाही म्हणत.

उन्हाळ्यात दुसरं इंजिन पाहून देतो.

सुखराम


जवाहरनगर
२३ जानेवारी

मामाजी,

हे पत्र भांडणाचं नाही. नीट वाचा आणि आजच मनिषदादाला दाखवा. त्यानं माझा नंबर ब्लॉक केला, मामीनं दोनदा माझा आवाज ऐकून फोन ठेवला. म्हणून तुम्हाला लिहून राहिली.

धुराचा पाईप मी पाण्याच्या रेषेपासून चार इंच वर काढला होता. तो तीन माणसांच्या फायबरच्या बोटीसाठी होता. पत्र्याची बोट जड. त्यात बारा माणसं बसली की ती खाली बसते आणि पाईपाचं तोंड पाण्याखाली जाते. इंजिन चालू असते तोवर धूर पाण्याला बाहेर ढकलते, म्हणून काही दिसत नाही. पण मधात इंजिन बंद केलं की धूर थांबला आणि पाणी आत. आधी इंजिनमध्ये, मग पाईपाच्या रबरी जोडातून फळीखाली. लोक पक्षी पाहत असतील आणि खाली पाणी भरत असेल.

नवीन ड्रॉइंग सोबत आहे. पाईप आधी हातभर वर न्यायचा, मग वळवून बाहेर काढायचा. एका दिवसाचं काम. तोवर फेऱ्या बंद ठेवायला सांगा.

उर्वशी


चिखला
१३ फेब्रुवारी

उर्वशी,

तुह्यं पत्र २७ तारखेलाच भेटलं होतं. मी ते मनिषले दाखवलं नाही.

मले वाटलं, तू रागात लिहिलं. धंदा बंद पडावा म्हणून. तुह्या जागी मी असतो तं मी तसं लिहिलं असतं, म्हणून वाटलं. पत्र मी धानाच्या कोठीमागं ठेवलं.

रविवारी, ९ तारखेले, अकरा माणसं घेऊन मनिष मधात गेला आन इंजिन बंद केलं. तू लिहिलं तसंच झालं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. परत चालू कराले गेला तं इंजिन फिरेना. फळीवर पाणी आलं तवा लोकायले समजलं. सारे एका बाजूले उठले आन बोट कलंडली. ढिवरायचे डोंगे जवळ जाळे टाकून होते, तेयनं साऱ्यायले काढलं. कोणी गेलं नाही. अड्याळची पंचफुलाबाई नावाची म्हातारी दोन दिवस दवाखान्यात होती, आता घरी आहे. मनिषले पोलिसानं बोलावलं, कागद नव्हते. तो सध्या कोणासंग बोलत नाही. मी त्याले तुह्या पत्राचं अजून सांगतलं नाही. मामीलेही नाही. फक्त तुले सांगून राह्यलो.

इंजिन सांजच्याले वर काढलं. मी घरी आणून पुरं खोललं, डिझेलनं धुतलं, बेअरिंगचा एकेक छर्रा पुसला. तिसऱ्याचा पिस्टनही काढला. पिन घासली होती, दुसरी टाकली. ठोका गेला. दातात धरून पाह्यलं, तिन्ही गोड चालतात. तुह्यं इंजिन तयार आहे पोरी. तू म्हण, मी सोता घेऊन येतो. तुह्या पाया पडून देतो.

सुखराम


भंडारा
२८ फेब्रुवारी

मामाजी,

वरचा पत्ता पाहा. पंचवीस तारखेला क्वार्टर सोडलं.

पप्पांनी भंगारवाल्याला बोलावलं नाही, शेवटी त्यांच्याच्यानं झालं नाही. त्यांच्या ओळखीचे अड्याळचे बाबुलाल काका ट्रॅक्टर घेऊन आले आणि बोट घेऊन गेले. धानाच्या बांधीत चार खांब रोवून त्यावर ठेवली आहे. पुढच्या हंगामात रानडुकरांची राखण करायला त्यात बसणार. मी काल पाहून आली. पाण्यापासून किती दूर ते मोजलं नाही. बाबुलाल काकांनी केबिनच्या छतावर बादलीभर पाणी ओतून दाखवलं आणि म्हणाले, "पाहा पोरी, एक थेंब आत येत नाही. कंपनीचं काम आहे हे." मी हो म्हटलं.

इंजिन नको. ते कशात बसवू?

तुम्ही माझ्याशी खोटं बोलले, ते मी कधीतरी विसरली असती. पोराला पाहून केलं, बापानं काय करावं, सगळं बरोबर. पण मी खरं लिहिलं ते तुम्हाला खोटं वाटलं. तुम्ही माझे तीन महिन्यांचे नाप डोळे झाकून खरे मानले, अर्धा इंच चुकलेला बोल्टसुद्धा तसाच ठोकू दिला. आणि अकरा माणसं वाचवायचं एक पत्र तेवढं कोठीमागे ठेवलं. भाऊबीजेला ज्या पोरीला टपली मारली, ती लोकांना बुडू देईल असं तुम्हाला वाटलं. तुम्ही त्या जागी असते तर तसं लिहिलं असतं म्हणता. मी नसतं लिहिलं.

मनिषदादाला पत्राचं सांगा. मी सांगणार नाही. ते तुमचं काम आहे.

सळई विनोद ड्रायव्हरच्या हातानं परत पाठवते आहे. धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून. तिच्या एका टोकाला तुमच्या दातांच्या खुणा आहेत आणि त्यांच्या बाजूला आता माझ्याही आहेत. त्या जात नाहीत, मी घासून पाहिल्या.

दिवाळीला मम्मी ओवाळायला येईल. मी पण येईन, मामीला भेटायला. तेव्हा माझ्या पाया पडायला वाकू नका मामाजी. मी पाय मागे घेईन, आणि चारचौघांत तुम्हाला ते बरं दिसणार नाही.

उर्वशी